पूजेतला पाना

माझ्या धंद्याला पाटी कधी लागली नाही. लातुरात लोक मला ‘चाकंवाले मिस्त्री’ म्हणतात, त्यामुळे नवखा माणूस सायकलचं पंक्चर घेऊन दारात येतो. एकदा तर एकाने भाजीची हातगाडी आणली होती. तिचंही चाक मी बसवून दिलं, उगाच वाद कशाला घाला.

खरं काम वेगळं. आपल्याकडच्या गॅरेजचा गाळा म्हणजे बारा बाय अठराचा. त्यात लेथ मशीन, उभं ड्रिल, बेअरिंग काढायची प्रेस, आणि वर दुरुस्तीला आलेलं ट्रॅक्टर. एकाच वेळी हे सगळं मावत नाही. ट्रॅक्टर आत घ्यायचं तर मशिनं भिंतीला सरकवायची, मशीनवर काम करायचं तर ती पुढे ओढायची. आणि मशीन म्हणजे काही कपाट नव्हे. सहा फुटी लेथचं वजन टनाच्या घरात जातं, तेही सगळं एका बाजूला, जिकडे मोटर आणि गिअर असतात तिकडे. ड्रिलचं वजन त्या मानाने कमी, पण सगळं डोक्यात. अशा मशीनला एका माणसाने ढकलावं आणि कुणाच्या पायाला खरचटूही नये, अशी सोय मी लातूर, नांदेड, उदगीर, मुरुडकडे करून देत आलो.

हे काम मी शिकलो नांदेडला, एका बंद पडलेल्या कारखान्यातली मशिनं बाहेर काढताना. आमच्या टोळीचे म्होरके एक म्हातारे उस्ताद होते. चाकंबिकं तेव्हा नव्हती. सब्बल म्हणजे पहार, लाकडी ओंडके आणि खाली लोखंडी पाइप, एवढ्यावर काम. उस्ताद मशीनपाशी आले की आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, मग सब्बल एका कोपऱ्याखाली घालून नुसती जोखायचे. वजन कुठे आहे ते त्यांना तेवढ्यात कळायचं. मला त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, “बेटा, मशीन गिरती तो गिरन दे. पकडनेका नै. लोहा फिर मिलता, हात नै मिलता.”

ऐकायला सोपं आहे. पण काही पडू लागलं की माणसाचे हात आपोआप पुढे जातात. ते मागे घ्यायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली.

गिऱ्हाइकं एकेक नमुना भेटली. देवणीचा एक वेल्डिंगवाला होता. त्याचं लेथ टेम्पोतून उतरवून पन्नास पावलं चढावर न्यायचं होतं. मी ट्रॅक्टर बोलवा म्हटलं, तर पठ्ठ्या म्हणाला, “ट्रॅक्टर कशाला? आमची बैलं हायेत की.” मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती थोराड जोडी त्याने अशी चालवली की दोर कुठे झटका खाईना. ‘हो’ म्हटलं की जागच्या जागी उभी. ट्रॅक्टरचा क्लच इतका शहाणा मी पाहिलेला नाही. त्या दिवशी माझी मजुरी निम्मी तरी बैलांची होती.

दुसरे लातूरचे एक सर. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. बंगल्याच्या गाडी ठेवायच्या जागेत त्यांनी हौसेखातर छोटं लेथ आणि ड्रिल मांडलं होतं. त्यांच्या बाईंचं म्हणणं, गाडी उन्हात का? सरांचं म्हणणं, मशिनं उन्हात कशी? तोडगा म्हणून मला बोलावलं. मी माझी पद्धत समजावली. मशीनखाली लोखंडी चॅनेलची चौकट. चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार चाकं, मशीनच्या बुडापेक्षा बाहेर फाकलेली, म्हणजे तोल जात नाही. आणि चाकांशेजारी चार जाड स्क्रू, हेच मशीनचे पाय. पाना घालून स्क्रू खाली फिरवला की मशीन त्या स्क्रूंवर उभं राहतं आणि चाकं जमिनीपासून बोटभर उचलली जातात. हलवायचं असेल तेव्हाच स्क्रू वर घ्यायचे. चाक हे हलवण्यापुरतं, उभं राहायला पायच लागतात. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ करायला लावायचो. चाकांना ब्रेक मात्र मी मुद्दाम लावत नसे. ब्रेक असला की माणूस त्याच्या भरवशावर राहतो आणि पाय उतरवायचा कंटाळा करतो, असा माझा हिशोब.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि पाना जागेवर नसला तर?”

“नसायला काय झालं, सर?”

“म्हणजे पाय उतरवणं हे दुसऱ्या एका वस्तूवर अवलंबून आहे. ती वस्तू मशीनलाच जोडा. स्क्रूच्या डोक्यावर दांडा वेल्ड करा, कायमचा.”

म्हातारा चिकित्सक आहे असं मला वाटलं, पण गिऱ्हाईक म्हणून दांडे वेल्ड करून दिले. इतरांना मात्र मी पान्याचीच पद्धत ठेवली. दांडे बाहेर येतात, अरुंद गाळ्यात नडगीला लागतात. आणि गॅरेजवाल्याला पान्याची काय कमी? त्याचा पाना हरवेल, पण असा कितीसा हरवेल?

अप्पांचा पाना हरवला नव्हता. तेच तर सांगायचं आहे.

उदगीरला बस्वराज अप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं मराठी पण चिडले की कानडी. त्यांच्याकडे मी लेथला चाकं बसवली, मग प्रेसला, मग ड्रिलला. कामापुरती ओळख होती ती घरची झाली. ड्रिलसाठी मी एक खास पाना घडवला होता, लांब दांड्याचा, म्हणजे वाकावं लागू नये. अप्पांना त्याचं इतकं कौतुक की ते तो खिळ्याला सगळ्यांच्या वर टांगायचे. दर खंडेनवमीला मी त्यांच्याकडे जेवायला जाणार हे ठरलेलं.

खंडेनवमी आमच्या कारागीर लोकांची. त्या दिवशी गॅरेजमध्ये काम बंद. मशिनं डिझेलने पुसायची, फरशी धुवायची, हत्यारं घासून पांढऱ्या कापडावर ओळीने मांडायची, त्यांना भस्म, हळद, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. आणि एकदा हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर आपण त्याला राबवतो, एक दिवस त्याला बसू द्यायचं. कोण्या पोथीत हे लिहिलंय मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी कुणाची गाडी दारात बंद पडली तरी अप्पा हात जोडून म्हणायचे, “उद्या या मालक, आज हत्यारं बसली हायेत.”

नऊ वर्षांपूर्वीची खंडेनवमी. मी सकाळी पोचलो तेव्हा मशिनं भिंतीपासून पुढे ओढून ठेवली होती, चारी बाजूंनी रांगोळी काढता यावी म्हणून. ड्रिल सगळ्यात पुढे, शटरजवळ, रस्त्यावरच्या माणसालाही दिसेल असं. स्क्रू वर घेतलेले. ड्रिल चाकांवर होतं. अप्पांनी पाना धुऊन पुसून पूजेत मांडला, ओळीत पहिला. रांगोळी झाली की शेवटी स्क्रू खाली करून मग पाना मांडायचा, असा दरवर्षीचा क्रम. पण पूजा सांगणारे जंगमस्वामी त्या दिवशी तासभर आधीच आले, त्यांना पुढे चार ठिकाणी जायचं होतं, आणि पूजा सुरू झाली.

मी खुर्चीवर बसलो होतो, ड्रिलपासून चार हातांवर. मी ते पाहिलं. चाकं फरशीला टेकलेली पाहिली. फरशी ओली होती, पाणी निघून जावं म्हणून शटरकडे थोडी उतरती केलेली होती, आणि शटरपाशी चार बोटं रुंदीची नाली होती. हे सगळं मी पाहिलं, कारण मला दुसरं काही दिसतच नाही. कुणाच्या लग्नात गेलो तरी मांडवाचे खांब बघतो. मग मी पान्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर अप्पांनी नुकतंच कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

मी म्हणायला हवं होतं, ‘अप्पा, ड्रिल चाकावर आहे, पाना द्या.’ बस, एवढंच. पण पूजेतलं हत्यार उचला असं त्या दिवशी, त्या घरात, स्वामी बसलेले असताना कसं म्हणायचं? आज कोण मशीनला हात लावणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. एका दिवसाचा तर प्रश्न. आणि मी गप्प बसलो.

आरती झाली, स्वामी गेले. फुलवाल्याकडून मोठा हार यायला उशीर झाला होता, तो नंतर आला. ड्रिल पुरुषभर उंचीहून जास्त. महानंदा वहिनी, म्हणजे अप्पांच्या बायको, तेलाच्या डब्यावर चढल्या आणि हार घालताना तोल सावरायला त्यांनी ड्रिलचं डोकं धरलं. कुणीही धरलं असतं. मशीन त्यांच्याकडे सरकलं. पुढचं चाक घरंगळत नालीत गेलं आणि सगळं वजन पुढे आलं.

मी ओरडलो, “सोडा!” उस्तादांनी शिकवलेलं तेवढंच तोंडून निघालं. वहिनी डब्यावरून खाली पडल्या, ड्रिल त्यांच्यावर येत होतं. अप्पांना मी किमान दहा वेळा सांगितलं होतं की पडणारं मशीन धरायचं नाही. पण खाली त्यांची बायको होती. त्यांनी डाव्या हाताने वहिनींना लोटलं आणि उजव्या हाताने ड्रिल धरलं.

वहिनींना खरचटलं. अप्पांचा उजवा हात ड्रिल आणि लेथच्या कडेमध्ये सापडला. लातूरला नेईपर्यंत मी तो माझ्या उपरण्यात धरून बसलो होतो. मनगटाच्या वरून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर अप्पा मला म्हणाले, “मिस्त्री, इंजिनाचा आवाज ऐकायला कान तर हायेत की.” आणि खरंच ते तसेच जगले. दोन कारागीर ठेवले, स्वतः खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. पण ज्याचा हात नटबोल्टवर डोळ्यांपेक्षा जास्त चालायचा, तो माणूस डाव्या हाताने चहाची बशी सावरताना बघणं मला फार जड जायचं.

मी काय केलं ते सांगतो. जिथे जिथे मी पान्याची पद्धत ठेवली होती तिथे तिथे जाऊन स्क्रूच्या डोक्यांवर दांडे वेल्ड केले. नांदेड, मुरुड, निलंगा, देवणी. लोक विचारायचे, “काय झालं मिस्त्री, नवीन मॉडेल काढलंव का?” मी म्हणायचो, हो, सुधारणा आहे. सरांकडेही गेलो होतो. ते वारले होते. बाईंनी गाडी विकली होती आणि मशिनं तशीच ठेवली होती, दांड्यांसकट. बाईंजवळ थोडा वेळ बसलो आणि निघालो.

एकच मशीन राहिलं, अप्पांचं ड्रिल. ते दुरुस्त करून भिंतीला साखळीने बांधून ठेवलं होतं, तसंच चाकांवर. कुणी वापरायचं नाही. मी दरवर्षी उदगीरला जायचो, दरवर्षी ठरवायचो की यंदा दांडे लावू. पण जायचो ते खंडेनवमीला, ज्या दिवशी हत्यार उचलायचंच नसतं. वर्षाचे बाकीचे दिवस मला सवड होत नसे. ही सवड का होत नव्हती हे मला नीट ठाऊक होतं.

आणि त्याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. वहिनी त्या दिवसापासून गॅरेजात पाऊल टाकत नव्हत्या. नवमीला पूजेचं ताट ओट्यावरून आत द्यायच्या आणि पाठ फिरवायच्या. पाहुण्यारावळ्यांत त्या सांगायच्या, “माज्यामुळं गेला ह्यांचा हात. मीच धरले मशीन.” माझ्या देखत सांगायच्या. मी मान खाली घालून पोळी मोडत बसायचो. एकदा गप्प बसणं ही चूक होती असं म्हणता येईल. पण त्यानंतर आठ नवम्या मी गप्प बसलो, त्याला काय म्हणायचं?

यंदा गेलो तेव्हा गुडघ्यांमुळे मी धंदा बंद केलेला. अप्पाही थकलेत. पूजा झाली, ते म्हणाले, “मिस्त्री, एक शेवटचं काम सांगू का? हे ड्रिल भंगारात द्यायचं हाय. तुमीच आणलाव, तुमीच बाहेर काढून द्या. परवा गाडी येते.”

ओट्यावरून वहिनी म्हणाल्या, “न्या भाऊजी. माजं पाप हाय ते, डोळ्यांसमोर नको.”

पाप हा शब्द ऐकला आणि माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, “वहिनी, तुमचं नाही. मशीन चाकांवर होतं. पायांवर असतं तर तुम्हीच काय, दहा माणसं लटकली असती तरी हललं नसतं. आणि ते चाकांवर आहे हे मी पाहिलं होतं. पूजेच्या आधी पाहिलं. पाना पूजेत होता म्हणून मी बोललो नाही.”

मग अप्पा म्हणाले, “मी बी बघितलो होतो.”

अप्पा पुढे सांगू लागले.

“चाकावर हाय, हे मला ठाऊक होतं की, मिस्त्री. स्क्रू मीच वर घेतलो होतो. स्वामी आले, घाई झाली. मग ध्यानात आलं तवा पान्याला कुंकू लागलं होतं. मी तुमच्याकडं बघितलो. तुमी चाकाकडं बघून राहिले होते. मला वाटलं, बसवणारा मानूस समोर बसलाय, तो काही बोलंना, म्हंजे काही होत न्हाई.”

नऊ वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. माझी लाज राखायची म्हणून बसला होता. मी त्यांच्या घरी जेवून यायचो आणि मला वाटायचं की मीच तेवढा लपवतोय. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

वहिनी ओट्यावर उभ्याच होत्या. त्या आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. “दोघांला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं. “नऊ वरसं मी ह्या हातानं देवाला फूल वाहिले न्हाई. आन् दोघांला ठाऊक होतं?”

 

मग वहिनी चपला काढून गॅरेजात आल्या. सरळ पूजेपाशी गेल्या, वाकल्या, आणि ओळीतला पहिला पाना उचलला. भस्म, हळद, कुंकू सगळं त्याला तसंच होतं. अप्पांच्या तोंडून “अगं” एवढंच निघालं. वहिनींनी तो पाना माझ्या हातात दिला.

“कुठं नेऊ नका ते,” त्या म्हणाल्या. “पायावर उभं करा आधी.”

“वहिनी, आज नवमी आहे.”

“हाव. आजच.”

मला खाली बसता येत नाही, पण दांडा लांब होता, मीच तसा केला होता. एकेका कोपऱ्याला पाना घातला आणि फिरवला. नऊ वर्षं न हललेले स्क्रू कुरकुरले, मग सुटले. चौथा बसला तेव्हा चाकं फरशीपासून बोटभर वर आली. अप्पा उठून आले आणि त्यांनी भिंतीची साखळी काढली. वहिनी पुढे झाल्या, दोन्ही हातांनी त्यांनी ड्रिलचं डोकं धरलं, त्या दिवशी धरलं होतं तिथेच, आणि सगळा भार टाकून ओढलं. पुन्हा ओढलं. ते जागचं हललं नाही. तेव्हा कुठे त्या मशीनला कपाळ टेकून रडल्या. अप्पांचा डावा हात त्यांच्या पाठीवर होता, आणि मी पाना हातात धरून तिथेच उभा होतो, तो परत पूजेत ठेवावा की नाही हे न कळून.